प्रत, नक्कल आणि चोरी : व्हिडिओ तबकडीच्या कुलपासंबंधी काही विचार

मूळ वस्तूवरून तिच्यासारखी दुसरी वस्तू सिद्ध करणे, या एकाच क्रियेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत. आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. पोथीची ‘प्रत’ असते. सरकारी दप्तरातून कागदाचा ‘उतारा’ किंवा ‘नक्कल’ मिळते, आणि तिच्यावर सहीशिक्का असला म्हणजे ती मुळाइतकीच ग्राह्य मानली जाते. नकलाकारही ‘नक्कल’च करतो, परंतु तेथे मुळापासून असलेले अंतर हाच रसाचा विषय असतो. परीक्षेस बसलेला विद्यार्थी ‘कॉपी’ करतो, तेव्हा मात्र हाच व्यवहार निंद्य ठरतो. ‘प्रत’ हा शब्द संस्कृत ‘प्रति’वरून आला, ‘नक्कल’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत उतरला, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा त्याच्या मूळ अर्थांपैकी एक होय. भाषेने हे भेद उगाच केलेले नाहीत. क्रिया एक असली तरी तिच्यामागील हेतू निरनिराळे असतात, आणि समाज शब्द योजतो तो हेतू पाहून.

उच्च स्पष्टतेच्या चित्रपट-तबकड्यांवर, म्हणजे ब्लू-रे आणि तिच्या भावंडांवर, जी कुलुपे घातली गेली त्यांचे समर्थन ‘पायरसी’ या एका शब्दाच्या आधारे केले जाते. या शब्दात प्रत, नक्कल आणि चोरी ही तिन्ही एकवटली आहेत. कुलूप या तिहींतील भेद जाणू शकत नाही. कायदा तो जाणतो, परंतु जाणूनही जतनकर्त्याच्या हाती किल्ली देत नाही, असे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी दाखले प्रामुख्याने खानदेशातील व त्याच्या शेजारचे घेतले आहेत. कारण या प्रदेशात हस्तलिखितांची परंपरा, चित्रपटांच्या विडंबनाची परंपरा आणि स्वस्त व्हिडिओ तबकड्यांचा बाजार ही तिन्ही एकमेकांपासून दूर नाहीत.

१

प्रथम कुलपाची रचना पाहणे अवश्य आहे. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या व्हिडिओ सीडीला कसलेच कुलूप नव्हते. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावे. म्हणून एक हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागलेला असे. पुढे डीव्हीडी आली, तिच्यावर सीएसएस नावाचे कुलूप होते. त्याची किल्ली अवघ्या ४० द्विमान अंकांची होती, आणि १९९९ मध्ये ते उघडले गेले. या प्रकरणी नॉर्वेतील यॉन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला. २००३ मध्ये प्रथम खालच्या आणि नंतर वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी कुलूप उघडणे हा अपराध नव्हे, असा त्या निकालांचा आशय होता.

२००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन प्रतिस्पर्धी तबकड्या बाजारात आल्या. त्यांपैकी दुसरी फेब्रुवारी २००८ मध्ये मागे घेण्यात आली. परंतु दोहोंचे कुलूप एकच होते. त्याचे नाव एएसीएस. त्याची किल्ली १२८ द्विमान अंकांची आहे. तबकडीवरील चित्र व ध्वनी सांकेतिक रूपात असतात. प्रत्येक वाचकयंत्रास त्याच्या स्वतःच्या किल्ल्यांचा संच दिलेला असतो, आणि प्रत्येक तबकडीवर किल्ल्यांचा एक तक्ता कोरलेला असतो. यंत्राने आपली किल्ली या तक्त्यास लावावयाची, त्यातून एक मधली किल्ली काढावयाची, तिचा तबकडीच्या ओळखचिन्हाशी संयोग करावयाचा, आणि मग शेवटी चित्रपटाची किल्ली हाती यावयाची, असा हा क्रम आहे. एखाद्या यंत्राची किल्ली फुटली तर पुढे निघणाऱ्या तबकड्यांच्या तक्त्यातून त्या यंत्रास वगळता येते. सीएसएसला साधली नव्हती अशी ही योजना होय, आणि केवळ गणिताच्या दृष्टीने पाहता ती कौतुकास्पद आहे.

तरीही ती टिकली नाही. डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, संगणकावरील वाचक-आज्ञावलीच्या स्मृतीतून चित्रपटांच्या किल्ल्या काढता येतात असे दिसून आले. फेब्रुवारी २००७ मध्ये त्या काळच्या सर्वच तबकड्यांना लागू पडणारी एक मधली किल्ली प्रसिद्ध झाली. षोडशमान पद्धतीने लिहिली तर ती ३२ चिन्हांची एक संख्या होती. ती दडपण्यासाठी कायदेशीर नोटिसा गेल्या. आणि मे २००७ मध्ये, दडपण्याच्या या प्रयत्नामुळेच, ती असंख्य ठिकाणी लिहिली गेली. २०१० मध्ये यंत्रापासून दूरचित्रवाणी-पटापर्यंतच्या तारेवर असलेल्या एचडीसीपी या कुलपाची मूळ किल्लीही बाहेर आली.

याचे कारण किल्ली लहान होती हे नव्हे. गूढलेखनाच्या शास्त्रात तीन पक्ष गृहीत धरलेले असतात : लिहिणारा, ज्याच्यासाठी लिहिले तो, आणि ज्याच्यापासून लपवावयाचे तो. चित्रपट-तबकडीच्या बाबतीत दुसरा आणि तिसरा पक्ष एकच आहे. जो पाहणार त्याच्यावरच संशय आहे. म्हणून कुलूप आणि किल्ली ही दोन्ही त्याच्याच घरात, एकाच पेटीत ठेवून, ती त्याला सापडू नयेत अशी अपेक्षा धरावी लागते. शिवाय चोरी करणाऱ्यास कुलूप एकदाच उघडावे लागते. त्यानंतर फिरते ती बिनकुलपी प्रत. सच्च्या ग्राहकाला मात्र ते प्रत्येक वेळी उघडावे लागते. अमेरिका ब्लू-रेच्या ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात असल्यामुळे, तेथील नातलगाने पाठविलेली विभागबद्ध तबकडी जळगावच्या घरातील यंत्रात चालत नाही, आणि त्यात चोरी कोणीच केलेली नसते. २०१६ मध्ये आलेल्या अतिउच्च स्पष्टतेच्या तबकड्यांना विभागांचे बंधन राहिले नाही. परंतु त्या संगणकावर पाहण्यासाठी इंटेलच्या प्रक्रियकातील एका विशिष्ट संरक्षित कप्प्याची अट घालण्यात आली. त्या कंपनीने ११व्या पिढीपासून घरगुती प्रक्रियकांतून हा कप्पाच काढून टाकला. नवा संगणक घेणाऱ्याच्या हातात तबकडी राहिली आणि किल्ली गेली.

२

कुलूप घातलेला ग्रंथ ही कल्पना मराठीस नवी नाही. चौदाव्या शतकात महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील सकळ लिपीचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते; सुंदरी इत्यादी लिप्याही प्रचारात होत्या. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजणे हे त्यांचे सामान्य तत्त्व. पंथाबाहेरच्यांच्या हाती शास्त्र पडू नये हा हेतू बहुतेक अभ्यासक सांगतात. लेखनसंक्षेपाचाही हेतू असावा असे काहींना वाटते. या परंपरेचा खानदेशाशी निकटचा संबंध आहे. जळगाव जिल्ह्यातील भडगाव तालुक्यात असलेले कनाशी हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. आणि ज्या वि. का. राजवाड्यांनी या लिपीची उकल अभ्यासकांपुढे मांडली, त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरी स्थापन होऊन त्यांचा संग्रह तेथे राहिला.

महानुभावांचे कुलूप आणि एएसीएस यांत दिसणाऱ्या साम्यापेक्षा त्यांतील भेद अधिक उद्बोधक आहे. महानुभावांनी वाचन मर्यादित केले. प्रतिलेखन मर्यादित केले नाही. ज्याला किल्ली दिली त्याच्यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्याने प्रत करावी अशीच अपेक्षा होती. यादवसत्तेच्या पडत्या काळातील धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, आणि हिराइसा प्रभृतींच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. एकच प्रत असणे म्हणजे नाश जवळ असणे, हा धडा त्या पंथाने प्रत्यक्ष अनुभवला होता. एएसीएसची रीत याच्या नेमकी उलट आहे. त्यात वाचन कोणासही विकत मिळते; प्रत मात्र कोणासही करू द्यावयाची नसते.

तरी महानुभावांच्या कुलपाचेही मोल चुकवावे लागले. मराठीचे आद्य गद्य कित्येक शतके मराठी वाचकांना अज्ञात राहिले, आणि विसाव्या शतकात ते उघडले तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. ते उघडू शकले याचे कारण एवढेच की किल्ली मठांत, माणसांच्या परंपरेत जिवंत होती. तबकडीची किल्ली यंत्रात आहे, आणि ही यंत्रे थोड्या काळात नाहीशी होत आहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये नवी ब्लू-रे वाचकयंत्रे काढणे थांबविले. एलजीनेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला.

बिनकुलपी प्रतीची बाजू मांडणारे दाखलेही याच प्रदेशात आहेत. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली, आणि कल्याणांच्या हातची म्हणून मानल्या गेलेल्या डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापला. ही बाडे हाती आली, कारण शिष्यांनी उतरून घेण्यास कोणाची आडकाठी नव्हती. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. घरातल्यांनी त्यांची गाणी उतरून घेतली नसती, तर त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये निघालेला संग्रह निघालाच नसता. उतरून घेणाऱ्याला हे वाङ्मय ऋणी आहे.

३

येथवर प्रतीचा विचार झाला. आता नक्कल आणि चोरी यांकडे वळू.

धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. व्हिडिओगृहांच्या व्यवसायातून पुढे आलेल्या शेख नासिर यांनी तेथे २००० च्या सुमारास, अत्यल्प खर्चात आणि गावातीलच नटांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन तयार केले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला, आणि त्याच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. या मंडळींच्या कथेवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

या कृतींना ‘चोरी’ म्हणणे हे समीक्षेचे अपयश ठरेल. परदेशी सुपरमॅन बलदंड आहे. मालेगावचा सुपरमॅन यंत्रमागावर राबणारा, किरकोळ देहाचा तरुण आहे. त्याला लढावयाचे आहे ते गावातील घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी. मूळ कृती प्रेक्षकाला पाठ असल्याखेरीज या अंतरातून हसू निर्माण होत नाही. म्हणजे नक्कल मुळाला लपवीत नाही, ती मुळाकडे बोट दाखविते. चोराला मात्र मूळ स्वामीचे नाव पुसावे लागते किंवा त्याचे द्रव्य बुडवावे लागते. कुलूप नकलेची वाट सर्वथा अडविते असे म्हणता येणार नाही, कारण पाहण्यास ते हरकत घेत नाही. परंतु मुळातील एखादा तुकडा काढून त्यावर बोट ठेवणे, जे विडंबनकाराला आणि समीक्षकाला सारखेच आवश्यक आहे, ते कुलपाच्या लेखी चोरीच ठरते. पुस्तकाच्या समीक्षकाला अवतरण देता येते. चित्रपटाच्या समीक्षकाला, एखाद्या पात्राच्या उच्चाराचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाला, ते कुलूप फोडल्याशिवाय देता येत नाही.

परंतु प्रत आणि नक्कल यांची बाजू घेताना चोरीची वेदना झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि ती वेदना खानदेशात अधिकच तीव्र आहे. या शतकाच्या आरंभी जळगाव-धुळ्याच्या बाजारांत अहिराणी गाणी, लग्नगीते आणि विनोदी प्रसंग यांच्या व्हिडिओ सीडी विकल्या जात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षकाखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद आहे. मोठ्या चित्रपटसंस्थेच्या हिशेबात ही बाजारपेठ गणतीची नव्हे. अशा तबकडीचा निर्माता बहुधा एखादा स्थानिक कलावंतच असावयाचा. तिची बेकायदा प्रत निघाली म्हणजे बुडे ते त्याच्या पुढच्या तबकडीचे भांडवल. मुंबईच्या निर्मात्यासाठी वकील उभे राहत. २००९ मध्ये महाराष्ट्राने स्थानबद्धतेच्या १९८१ च्या कायद्यात झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्या जोडीस व्हिडिओ-पायरेट हाही वर्ग घातला, तो चित्रपटधंद्याच्या मागणीस अनुसरून. अहिराणी कलावंताच्या तबकडीला ना कुलूप होते, ना वकील. ब्लू-रेचे कुलूप परवान्याने आणि शुल्कानेच मिळते. ते घालण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे त्याला बुडण्याचे भय सर्वांत कमी असते.

चोरीवरील अधिक परिणामकारक उपायाचे उदाहरण बाजारातच घडले. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांची व्हिडिओ सीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास सुरुवात केली. बेकायदा प्रतीच्या किमतीजवळ खरी प्रत आली, आणि स्वच्छ चित्र व छापील वेष्टन यांसाठी ग्राहक खऱ्या प्रतीकडे वळू लागला. ती कंपनी पुढे अन्य कारणांसह कर्जात बुडाली, आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. म्हणून स्वस्ताई हा सर्वरोगहारी उपाय होता असे म्हणता येत नाही. परंतु ग्राहक स्वभावतः चोर आहे या गृहीतकाला त्या प्रयोगाने धक्का दिला, एवढे निश्चित.

४

आता कायद्याकडे पाहावयाचे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये ६५अ हे कलम घालण्यात आले. संरक्षक तांत्रिक उपायास बगल देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड ही शिक्षा त्यात आहे. परंतु ती, हक्कभंगाच्या हेतूने ते कृत्य केले असेल तरच. कायद्याने ज्यास मनाई केलेली नाही अशा प्रयोजनासाठी कुलूप उघडणे या कलमाने निषिद्ध नाही. दुसऱ्यास त्या कामी साहाय्य करणाऱ्याने मात्र त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप उघडणे हेच मुळात निषिद्ध असून अपवाद दर तीन वर्षांनी मागून घ्यावे लागतात. भारतीय कायद्याने हेतूला स्थान दिले, हे त्याचे श्रेष्ठत्व मान्य केले पाहिजे. ‘प्रत’, ‘नक्कल’ आणि ‘चोरी’ यांत भाषेने जो विवेक केला, तोच येथे कायद्याने केला आहे.

उणीव आहे ती दुसऱ्या ठिकाणी. अभ्यासकाला कुलूप उघडण्याची मोकळीक आहे, परंतु त्याला किल्ली देण्याचे बंधन कोणावरही नाही. आणि ज्या संस्थेने जतनासाठी प्रत ठेवावयाची तिची स्थिती याहून बिकट आहे. कलम ५२ मधील एका अपवादाने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृतीचा इलेक्ट्रॉनिक साठा करता येतो; परंतु त्या ग्रंथालयापाशी त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे, अशी अट आहे. पोथीच्या बाबतीत ही अट सहज पुरी होते. अहिराणी लग्नगीतांची व्हिडिओ सीडी जन्मतःच अंकीय आहे. तिची अन्य प्रत कधी नव्हतीच. त्याच कलमातील दुसऱ्या अपवादाने बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती ग्रंथालयाला करता येतात. तो अपवाद पुस्तकापुरताच आहे. ग्रंथप्रदानाचा १९५४ चा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे यांनाच लागू आहे. तबकडी कोठेही जमा करावी लागत नाही. परिणामी, ज्या तबकडीला कुलूप नाही तिचीही प्रत ग्रंथालयाला निर्वेधपणे करता येत नाही. येथे कायद्याचा मजकूरच कुलूप झाला आहे.

यात बुडावयाचे काय आहे, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीत १९०७ च्या खंडात खानदेशीचे नमुने आहेत, ते लेखी आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी लोक ही बोली प्रत्यक्षात कशी बोलत, कोणत्या शब्दावर जोर देत, हसताना स्वर कोठे चढवीत, याचा चित्रासह पुरावा या तबकड्यांत आहे. घरी भरलेल्या तबकडीवरील रंगथर काळाने विटतो, आणि मग वाचकयंत्रास तीत काहीच दिसत नाही. गावोगावी बिनपरवाना उतरून घेतलेल्या प्रतीच उद्या या बोलीचे एकमेव साधन ठरतील, असा योग संभवतो. ज्या कृत्याने कलावंताला बुडविले, त्याच कृत्याने त्याचा आवाज राखला, असे म्हणण्याची वेळ यावी, हे कोणत्याही सुव्यवस्थेचे लक्षण नव्हे.

म्हणून सुधारणा तीन ठिकाणी व्हावयास हवी. जतनाच्या अपवादातील अंकीय नसलेल्या प्रतीची अट काढली जावी. पुस्तकाप्रमाणे प्रकाशित तबकडीची एक प्रत विद्यापीठाच्या वा सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन होण्याची, आणि ती कुलूपबंद असल्यास किल्लीही सोबत येण्याची, तरतूद व्हावी. आणि ती प्रत लोकांस पाहू देताना कलावंताचा मोबदला ठरवून दिला जावा. नाहीतर जतनाच्या नावाखाली चोरीच प्रतिष्ठित होईल. १९८४ च्या दुरुस्तीपासून व्हिडिओच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता देणे कायद्याने आवश्यक आहे. पोथीच्या शेवटी लेखकू आपले नाव, गाव आणि तिथी लिहीत असे, तिचेच हे आधुनिक रूप होय. तबकडी निरुपयोगी होण्यापूर्वी एवढ्या खुणेवरून तिचा स्वामी शोधता येतो; त्याला विचारता येते, त्याचे देणे देता येते, आणि मग प्रत करता येते. हे काम जळगाव आणि धुळे येथील ग्रंथालयांनी आरंभिले, तर कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण उरणार नाही. कारण स्वामीची संमती असेल तेथे कोणत्याही अपवादाची गरज नसते.